कोल्टचे पॉकेट रिव्हॉल्व्हर

जुन्या शस्त्रांच्या लिलावाच्या याद्या चाळणाऱ्यास एक जिन्नस वारंवार भेटतो : कोल्ट कंपनीचे पॉकेट रिव्हॉल्व्हर, सन १८४९ चा नमुना, पाच बारांचे, नळी चार इंच, सर्व भागांवरील क्रमांक जुळणारे, पितळेवरील चांदीचा मुलामा अंशतः शिल्लक. संग्राहकाच्या दृष्टीने एवढ्या वर्णनात त्या नगाची बहुतेक खातरजमा होऊन जाते, आणि किंमत किती पुकारावयाची याचा अंदाजही त्यावरून बांधता येतो. परंतु ज्याला शस्त्रांपेक्षा माणसांच्या इतिहासात अधिक रस आहे, त्याने या नोंदीपाशी थोडे थांबावे असे मला वाटते. लष्कराच्या हत्यारांची हकीकत लढायांच्या वृत्तान्तांत आणि सरकारी दप्तरांत विपुल सापडते. उलट ज्याच्या अंगावर गणवेश नव्हता, ज्याला कोणाच्या हुकुमाने नव्हे तर स्वतःच्या पोटापाण्यासाठी अनोळखी मुलखातून आणि अनोळखी माणसांच्या सोबतीने प्रवास करावा लागे, त्या सामान्य गृहस्थाला कशाचे भय वाटत होते आणि त्या भयाच्या निवारणासाठी तो पदरचे किती द्रव्य खर्च करावयास तयार होता, याचा पुरावा फारसा कोणी लिहून ठेवलेला नाही. तो पुरावा अंगरख्याच्या खिशात मावणाऱ्या या लहानशा लोखंडी नगांत उरला आहे, आणि म्हणूनच असा नग मूळ स्थितीत टिकणे हे मला एखादा अस्सल दस्तऐवज टिकण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

या रिव्हॉल्व्हरचा जनक सॅम्युएल कोल्ट याचा जन्म १८१४ साली अमेरिकेतील कनेटिकट संस्थानात, हार्टफर्ड या गावी झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८३० मध्ये, तो 'कोर्व्हो' नावाच्या दोन डोलकाठ्यांच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला आणि बोस्टनहून निघून थेट आपल्या कलकत्त्याच्या बंदराला लागला. याच सफरीत त्याने फिरत्या सिलिंडराच्या पिस्तुलाचे भाग लाकडात कोरले, अशी परंपरागत हकीकत आहे. ते लाकडी भाग म्हणून जे जपले गेले आहेत ते हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयात आजही आहेत. सुकाणूचे चाक फिरताना आणि ठरावीक जागी अडकून स्थिर होताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे एक मत आहे. दुसरे मत असे की, बोस्टनच्या एलिशा कोलियर याने १८१८ मध्ये इंग्लंडात ज्याचे पेटंट घेतले होते ते चकमकीचे फिरते हत्यार या मुलाने हिंदुस्थानात कोणा इंग्रजाजवळ पाहिले असावे. सुकाणूची गोष्ट ऐकावयास गोड आहे, पण अशा गोड गोष्टी मोठ्या कारखानदारांच्या चरित्रांत मागाहून शिरतात असा सर्वत्रचा अनुभव असल्यामुळे मी तिच्यावर फार भार देणार नाही. शिवाय फिरत्या सिलिंडराची मूळ कल्पना कोल्टचीही नव्हती आणि कोलियरचीही नव्हती. तोड्याने पेटणाऱ्या आणि हाताने सिलिंडर फिरवावयाच्या बंदुका आपल्याकडच्या कारागिरांनी फार पूर्वी घडविल्या होत्या, आणि त्यांतील काही पाश्चात्त्य संग्रहालयांत पाहावयास मिळतात. कोल्टचे खरे श्रेय याहून मर्यादित, पण निःसंशय आहे. अंगठ्याने घोडा मागे ओढला की त्याच एका हालचालीने सिलिंडर एक घर पुढे सरकावा, नवे घर नळीच्या बरोबर समोर यावे आणि तेथेच घट्ट अडकून राहावे, ही यंत्ररचना त्याने सिद्ध केली आणि १८३५ साली इंग्लंडात व २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत तिचे पेटंट मिळविले.

कलकत्त्याचे ऋण त्याने एका वेगळ्या रीतीनेही वापरून घेतले. हत्यारांचे नमुने बनविण्यासाठी पैसा हवा म्हणून हा तरुण गावोगाव हिंडून प्रेक्षकांना हास्यवायू हुंगविण्याचे प्रयोग करी, आणि त्या प्रयोगांच्या जाहिरातींत 'न्यूयॉर्क, लंडन व कलकत्ता येथील सुप्रसिद्ध डॉक्टर' असे आपले वर्णन छापी. पुढील आयुष्यात या गृहस्थाने जाहिरात, भेटी, नजराणे आणि पदव्या यांचा जो मुक्तहस्ते उपयोग केला त्याचे बीज मला येथे दिसते.

पहिला कारखाना न्यू जर्सीतील पॅटर्सन येथे निघाला आणि १८४२ मध्ये त्याचे दिवाळे वाजले. हत्यारे नाजूक होती, महाग होती, आणि सरकारचा मक्ता मिळाला नाही. १८४६ मध्ये अमेरिकेचे मेक्सिकोशी युद्ध जुंपले तेव्हा टेक्सासच्या सॅम्युएल वॉकर या कप्तानाच्या सूचनेवरून कोल्टने एक प्रचंड, सहा बारांचे, घोडेस्वाराच्या खोगिराला अडकवावयाचे रिव्हॉल्व्हर आखले; स्वतःचा कारखाना उरला नसल्याने ते एली व्हिटनी धाकटा याच्या कारखान्यात १८४७ साली करून घेतले, आणि त्या एका मक्त्यावर तो पुन्हा उभा राहिला. आता त्याच्या जागी दुसरा एखादा कारखानदार असता तर तो सरकारी मक्त्यांच्याच मागे लागला असता. कोल्टने मात्र ओळखले की सरकार युद्ध चालू असेपर्यंतच खरेदी करते, आणि भय हे युद्ध संपल्यावरही चालूच असते. खोगिराचे हत्यार लहान करून त्याने १८४८ मध्ये खिशाचे हत्यार बाजारात आणले, आणि त्यातील दोष काढून, गोळी ठासण्याची तरफ नळीखाली कायमची जोडून, जो नमुना सिद्ध केला तोच १८४९ चा.

काळ त्याला विलक्षण अनुकूल ठरला. १८४८ च्या आरंभी कॅलिफोर्नियात सोने सापडले होते, आणि पुढल्याच वर्षी देशोदेशींचे लोक घरदार सोडून तिकडे धावू लागले. त्यांत दुकानदार होते, कारकून होते, शेतकऱ्यांचे मुलगे होते. ज्यांनी जन्मात कोणावर हात उगारला नव्हता अशांना एकाएकी अशा वस्तीत राहावयाचे होते जेथे शेजाऱ्याचे नाव खरे की खोटे हेही ठाऊक नसे, आणि फौजदार, न्यायाधीश व तुरुंग यांपैकी काहीच धड उभे राहिलेले नव्हते. अशा माणसाला दोन सेरांचे लष्करी धूड कमरेला बांधून हिंडणे परवडणारे नव्हते. त्याला कोटाखाली दिसणार नाही अशी काही सोय हवी होती. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १८५१ मध्ये सोने सापडल्यावर तेथेही हेच झाले. हार्टफर्डचा कारखाना १८७३ पर्यंत हा एक नमुना काढीत राहिला, आणि लंडनच्या शाखेतील सुमारे अकरा हजार नग धरून त्याची एकूण संख्या सव्वातीन लाखांच्या वर गेली. स्फोटक टोपीने बार उडविण्याच्या काळातील कोल्टच्या दुसऱ्या कोणत्याही रिव्हॉल्व्हरचा एवढा खप झालेला नाही. ज्या लष्करी नमुन्यांनी कोल्टचे नाव गाजविले तेसुद्धा या लहान भावाच्या मागेच राहिले.

खरेदी करणाऱ्याच्या मनातील भय कोणत्या प्रकारचे होते हे कारखान्याला पक्के माहीत होते, आणि ते त्याने सिलिंडरावरच कोरून ठेवले. पोलादी सिलिंडराच्या भोवती वळसा घालणारे एक बारीक चित्र या नमुन्यावर असते : टपाल आणि उतारू नेणारी घोडागाडी दरोडेखोरांनी अडविली आहे, आणि उतारू हत्यार रोखून त्यांना पळवून लावीत आहे. हे चित्र वॉटरमन लिली ऑर्म्सबी या न्यूयॉर्कच्या नक्षीकाराचे. ऑर्म्सबीचा मूळ धंदा बँकेच्या नोटांचे ठसे कोरण्याचा, आणि नोटांची नक्कल कशी अशक्य करता येईल हा त्याच्या आयुष्याचा ध्यास होता. पोलादी लाटीवर एकदा कोरलेले चित्र दाबून प्रत्येक सिलिंडरावर जसेच्या तसे उमटविले जाई, आणि त्यामुळे शोभेबरोबरच बनावट मालाविरुद्ध शिक्कामोर्तबाचेही काम साधे. आज संग्राहक ज्या बारकाईने हा ठसा भिंगाखाली तपासतात ती पाहता, ऑर्म्सबीचा हेतू शंभराहून अधिक वर्षांनी निराळ्या रीतीने सफल झाला असे म्हणावे लागेल. कारण चित्र किती शिल्लक आहे यावर नगाची योग्यता मोठ्या प्रमाणात ठरते.

हे हत्यार भरणे म्हणजे एक छोटा विधीच होता. कोकणात शेताच्या राखणीसाठी ज्यांच्या घरी ठासणीची बंदूक असे त्यांना तो लगेच ओळखू येईल. घोडा अर्धा ओढून सिलिंडर मोकळा करावयाचा. पितळी दारूदाणीच्या तोटीतून मापाची काळी दारू एकेका घरात सोडावयाची. वर शिशाची गोल गोळी ठेवावयाची, आणि ते घर तरफेखाली आणून तरफ खाली दाबावयाची. गोळी घराच्या तोंडाहून केसभर मोठी असल्याने आत जाताना तिच्या कडेची शिशाची बारीक कडी कापली जाऊन बाहेर पडे. ती कडी पुरी निघाली की गोळी घट्ट बसली असे समजावे. असे पाच वेळा करून झाल्यावर मागच्या बाजूच्या पोकळ खुंट्यांवर पाऱ्याच्या स्फोटक क्षाराच्या तांबड्या टोप्या बोटाने दाबून बसवावयाच्या. नळीच्या पोकळीचा व्यास .३१ इंच, म्हणजे सुमारे आठ मिलिमीटर. नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाशी पितळेचा एक मणी आणि मागे घोड्याच्याच डोक्यात कापलेली एक खाच, एवढीच सोय. पाचही बार भरून फिरणाऱ्यासाठी दोन घरांच्या मधल्या जागी एक बारीक टाचणी ठेवलेली असे. घोड्याचे तोंड तिच्यावर टेकविले म्हणजे तो चुकून टोपीवर पडत नसे. पाच बार सुटल्यावर पुन्हा भरण्यास कित्येक मिनिटे लागत, आणि दरोडेखोर तेवढा वेळ थांबत नसत. फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याखाली जाऊन यंत्र अडकणे ही तर नित्याची तक्रार होती. एकूण हे हत्यार जवळच्या अंतराचे आणि पहिल्या काही क्षणांचे होते, आणि बहुधा त्याचा खरा उपयोग ते जवळ आहे या जाणिवेनेच होत असावा. आज जे नग मिळतात त्यांतील पुष्कळांच्या नळ्या आतून फारशा झिजलेल्या नसतात, मात्र बाहेरचा निळा रंग खिशात आणि पेटीत घासून गेलेला असतो. त्यावरून माझे हे अनुमान आहे.

एकाच आकाराचे एवढे नग काढणे हाताने कानस घासणाऱ्या लोहाराच्या पद्धतीने शक्य नव्हते. कोल्टचा मुख्य यंत्रज्ञ एलिशा रूट याने एकेका भागाचे काम अनेक टप्प्यांत वाटले, प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्र यंत्र रचले, आणि १८५५ मध्ये कनेटिकट नदीच्या काठी, निळ्या घुमटाचा, त्या काळी जगभर नावाजलेला कारखाना उभा राहिला. फ्रान्सिस प्रॅट आणि एमोस व्हिटनी हे पुढे यंत्रे बनविण्याच्या धंद्यात विख्यात झालेले दोघेही याच कारखान्यात काम करून बाहेर पडले. तत्पूर्वी १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात कोल्टने आपला माल मांडला होता, आणि त्याच वर्षी तेथील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे यंत्राने हत्यारे घडविण्याविषयी निबंध वाचला होता. त्या प्रदर्शनातच रॉबर्ट ॲडम्स हा इंग्रज प्रतिस्पर्धी नुसता चाप ओढून उडणारे रिव्हॉल्व्हर घेऊन त्याच्यासमोर उभा होता. टेम्सच्या काठी पिम्लिको येथे १८५३ मध्ये उघडलेला कोल्टचा कारखाना चार वर्षांतच बंद झाला. तरीही संग्राहकाच्या दृष्टीने ती चार वर्षे मोलाची, कारण त्या नगांवर लंडनचा पत्ता आणि ब्रिटिश परीक्षणाच्या मोहरा उमटलेल्या असतात.

यंत्रांचा एवढा बडेजाव असूनही प्रत्येक नगाचे भाग शेवटी हाताने एकमेकांशी जुळवावे लागत, आणि जुळवलेले भाग रंग व मुलामा देण्यासाठी पुन्हा सुटे होत असल्याने त्यांची सरमिसळ टाळण्याकरिता नळी, चौकट, सिलिंडर, चापाभोवतीची पितळी कमान आणि मुठीची पट्टी या साऱ्यांवर एकच क्रमांक ठोकला जाई. कारागिराच्या सोयीची ही खूण आज अस्सलतेची पहिली कसोटी होऊन बसली आहे. क्रमांकांवरून निर्मितीचे वर्ष काढता येते. नळीवरील पत्ता न्यूयॉर्कचा की हार्टफर्डचा यावरून कालखंड पडताळता येतो. आणि एखाद्या भागाचा क्रमांक निराळा निघाला तर कोठे तरी, केव्हा तरी, दोन मोडक्या नगांचा एक झाला हे उघड होते.

कोल्टच्या भरभराटीच्या मुळाशी त्याचे पेटंट होते. मॅसॅच्युसेट्स आर्म्स कंपनीवर कोल्टने बोस्टनच्या न्यायालयात फिर्याद केली आणि १८५१ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. मुदत सात वर्षांनी वाढवून मिळाली होती. ती पुन्हा वाढवावी म्हणून त्याच्या हस्तकांनी वॉशिंग्टनमध्ये एवढी खटपट आणि एवढ्या भेटींची खैरात केली की १८५४ मध्ये कायदेमंडळाला त्याची चौकशी करावी लागली. वाढ मिळाली नाही, आणि १८५७ मध्ये हक्क संपला. त्याच वर्षी स्प्रिंगफील्डच्या होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी सात बारांचे, धातूच्या तयार काडतुसाचे, बावीस कॅलिबरचे एक चिमुकले रिव्हॉल्व्हर विक्रीस काढले. दारू, गोळी आणि टोपी ही तिन्ही एकाच नळकांड्यात आली, आणि ती मागून सरकविण्यासाठी सिलिंडराची घरे आरपार भोकाची ठेवणे एवढीच युक्ती उरली. पण त्या युक्तीचे पेटंट रोलिन व्हाइट नावाच्या माणसाने १८५५ मध्ये घेऊन ठेवले होते. प्रत्येक नगामागे पंचवीस सेंट या दराने स्मिथ-वेसन यांनी ते वापरण्याचा हक्क घेतला, परंतु कोणी त्याचे उल्लंघन केल्यास खटले चालविण्याचा बोजा करारान्वये व्हाइटवर टाकला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात अशी उल्लंघने सुमार राहिला नाही इतकी झाली. व्हाइट खटले जिंकत गेला आणि त्यांच्या खर्चात खचत गेला. शेवटी मुदतवाढीसाठी त्याने केलेली मागणी कायदेमंडळाने मान्य केली असताही अध्यक्ष ग्रँट यांनी १८७० च्या जानेवारीत ती नामंजूर केली. शोधकाचे नाव इतिहासात राहते आणि लाभ दुसऱ्याच्या पेढीवर जमा होतो, याची उदाहरणे पुष्कळ आहेत. त्यांत व्हाइटची हकीकत मला विशेष क्लेशदायक वाटते.

कोल्ट स्वतः १८६२ मध्ये, अवघ्या सत्तेचाळीस वर्षांचा असताना वारला. १८६४ च्या आगीत कारखान्याचा मोठा भाग जळाला, तो त्याची विधवा एलिझाबेथ हिने पुन्हा बांधविला. टोपीचे पॉकेट रिव्हॉल्व्हर मात्र काडतुसापुढे टिकणे शक्य नव्हते. काही नगांचे सिलिंडर कापून ते काडतुसाचे करण्यात आले, उरलेले कपाटांच्या तळाशी गेले.

तेथून ते संग्राहकांच्या हाती येऊ लागले, आणि येथेच माझा खरा आग्रह आहे. जुन्या वस्तूचा धनी झाल्यावर तिला घासूनपुसून नव्यासारखी करण्याची इच्छा होणे स्वाभाविक असले, तरी या प्रकरणी ती इच्छा घातक ठरते. चौकटीवरचे पोलाद हाडांच्या कोळशात तापवून कठीण करताना त्यावर जे ढगांसारखे करडे-तपकिरी रंग उमटत, ते एकदा पॉलिशच्या चाकावर गेले म्हणजे मूळचे ते रंग परत येत नाहीत. क्रमांकांच्या कडा बोथट होतात, ऑर्म्सबीची घोडागाडी पुसली जाते, आणि वस्तू चकचकीत होऊन मुकी होते. याहून वाईट म्हणजे लबाड व्यापारी क्रमांक मिटवून नवे ठोकतात, चित्र पुन्हा कोरवितात, मुठीच्या पट्टीवर एखाद्या नामांकित सेनानीचे नाव घालतात. ठासण्याच्या तरफेविना विकल्या गेलेल्या एका दुर्मिळ प्रकाराला संग्राहकांनी मागाहून 'वेल्स फार्गो' या टपाल व सराफीच्या कंपनीचे नाव चिकटविले. त्या कंपनीने हाच प्रकार घेतल्याचा धड आधार नसताना त्या नावामुळे किंमत वाढते, आणि किंमत वाढते म्हणून साध्या नगांची तरफ काढून ते या जातीत ढकलण्याचे उद्योगही झाले आहेत. महोगनीची मखमली पेटी, दारूदाणी, गोळ्यांचा साचा आणि लंडनच्या इली ब्रदर्सची टोप्यांची डबी असा पूर्ण संच समोर आला म्हणजे जाणकार आधी आनंदतो आणि मग मखमलीवरील दाबाच्या खुणा त्याच नगाच्या आहेत की नाहीत हे पाहतो. हा संशय मी कंजूष वृत्तीचा मानीत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी झाल्याखेरीज त्याची साक्ष ग्राह्य धरावयाची नाही, हाच इतिहासाचा दंडक आहे.

कायद्याचे म्हणणेही ध्यानात ठेवावयास हवे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याप्रमाणे १८९८ अखेरपर्यंत तयार झालेली हत्यारे पुराणवस्तूंत मोडतात, म्हणून तेथे हा व्यवहार बराच मोकळा आहे. आपल्याकडची वहिवाट निराळी. १८७८ च्या ज्या कायद्याने व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने येथील प्रजेला निःशस्त्र केले त्याची जागा १९५९ च्या शस्त्र कायद्याने घेतली, आणि त्यातील सूट केवळ जुनेपणावर मिळत नाही. कालबाह्य किंवा पुरातन मोलाचे हत्यार दुरुस्ती करून अथवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तरच ती लागू होते. सुस्थितीतले टोपीचे रिव्हॉल्व्हर दीडशे वर्षांचे असले तरी ते या सवलतीत बसेलच असे नाही. म्हणून आजोबांच्या पेटीतून किंवा वाड्याच्या माळ्यावरून असे काही निघाल्यास त्याला तेल-कानस लावू नये, घोडा ओढून पाहू नये आणि पुतण्या-भाच्यांच्या हाती देऊ नये. टोपीच्या हत्यारांत घातलेला बार काढून टाकण्याची सोपी सोय नसल्याने ती पुष्कळदा भरलेलीच ठेवली जात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनंतरही पेट घेते. प्रथम पोलीस ठाण्यात खबर देऊन जाणकाराकडून सिलिंडराची पाचही घरे तपासून घ्यावीत, क्रमांक व मोहरा यांचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि परवान्याचा प्रश्न सुटल्यावर मगच ते ठेवावयाचे, विकावयाचे की एखाद्या संग्रहालयाच्या स्वाधीन करावयाचे याचा निर्णय करावा.